जुन्या पिकअपच्या वायरिंगची दुरुस्ती : कामाच्या नोंदी

४ जानेवारी

गाडी काकांची. साधी डिझेल पिकअप : दोन दारांची केबिन, मागे वेगळा हौदा, १२ व्होल्टची वायरिंग, कुठेही कॉम्प्युटर नाही. दीड वर्ष शेडमध्ये उभी होती. इंजिन आणि गिअरबॉक्स ठणठणीत आहेत, वायरिंगची मात्र दैना झाली आहे. असंच काम दुसऱ्या कुणी हातात घेतलं तर माझ्या चुका त्याच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून रोजच्या रोज लिहून ठेवतो आहे.

काकांनी सांगितलेल्या आणि मी स्वतः पाहिलेल्या तक्रारी अशा. खड्ड्यातून गेली की इंजिन बंद पडतं. दोन्ही हेडलाइट मिणमिणतात, उजवा जास्त. ब्रेक दाबला की मागचे पार्किंग लाइट आणि इंडिकेटर अंधुक पेटतात. पार्किंगचा फ्यूज मधूनच उडतो. बॅटरी नवी आहे, तरी चार दिवसांत बसते. स्टार्टर जड फिरतो. डिझेलचा काटा कायम शून्यावर.

आज एकही वायर तोडली नाही. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलं आणि पान्हा पत्र्याला टेकला तर थेट शॉर्ट होतो; निगेटिव्ह सुटलेली असली की तो कुठेही टेकला तरी काही होत नाही. जोडताना उलट, निगेटिव्ह शेवटी. बॅटरी ११.९ व्होल्ट दाखवत होती. ती रात्रभर चार्जिंगला लावायची आहे. अर्ध्या बॅटरीवर घेतलेली मापं पुढे गोंधळात पाडतात.

मग फक्त पाहणी आणि फोटो. बॉनेटखाली, इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यापाशी, उंदराचं घरटं : चिंध्या, वाळलं गवत आणि वायरच्या आवरणाचे रंगीत तुकडे. कुरतडलेल्या वायरी मोजल्या, बॉनेटखाली चौदा आणि डॅशबोर्डमागे नऊ. तीन ठिकाणी उघडं तांबं एकमेकांपासून जेमतेम बोटभर अंतरावर होतं.

पण सगळ्यात वाईट गोष्ट उंदरांनी केलेली नव्हती. फ्यूज बॉक्समध्ये हेडलाइटच्या फ्यूजला कुणीतरी तांब्याची तार गुंडाळून ठेवली होती. त्या फ्यूजपासून निघणाऱ्या वायरचं आवरण मीटरभर लांब आक्रसून कडक झालं होतं आणि शेजारच्या दोन वायरींना चिकटलं होतं. फ्यूज उडायला हवा होता तेव्हा तो उडला नाही, म्हणून त्याच्या जागी वायर तापली. गाडी पेटली नाही हे नशीब. कामाच्या जागी अग्निशामक सिलिंडर आणून ठेवला, तो काम संपेपर्यंत तिथेच राहील.

५ जानेवारी

पूर्ण नवी वायरिंग टाकायची की खराब भाग तेवढा बदलायचा, यावर विचार केला. तयार हार्नेस (वायरिंगचा पूर्ण बांधलेला गुच्छ) मिळतो, पण या गाडीचा स्विच आणि डॅशबोर्ड आधी कधीतरी दुसऱ्या मॉडेलचा बसवलेला दिसतो. कनेक्टर जुळणार नाहीत. शिवाय हौद्याखालची आणि स्टिअरिंगजवळची बरीच वायर अजून मऊ आणि चांगली आहे. भाग बदलायचं ठरवलं.

खरेदीत पहिली चूक केली. दीड चौरस मिलिमीटरची वायर लाल आणि काळी अशा दोनच रंगांत आणली. घरी आल्यावर लक्षात आलं की चौदा लाल वायरी एकाच गुंडाळीत गेल्या तर वर्षभराने मलाच त्यातलं काही कळणार नाही. परत जाऊन सहा रंग आणले.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. एका रिळातली वायर हलकी लागली. ब्लेडने तार खरवडली तर वरचा तांबूस मुलामा निघून आत पांढरा धातू दिसला. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. अशी वायर तेवढ्याच जाडीला तांब्यापेक्षा कितीतरी कमी करंट वाहते आणि क्रिंप केल्यावर (कनेक्टर पकडीने दाबून वायरवर बसवल्यावर) चुरते. रीळ परत केलं. उलट प्रकारही असतो : वरून चंदेरी, आतून लालसर. ते कल्हई केलेलं तांबं, ते चांगलंच. वायर घेताना खरवडून बघायचीच.

११ जानेवारी

सात तास काम, त्यातले अडीच फुकट.

गाडीचं मूळ वायरिंगचं चित्र मिळालं नाही, म्हणून स्वतः काढायला बसलो. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा, बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) आणि काही स्विचांवर आकडे कोरलेले होते, त्यांचा फार उपयोग झाला. डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातले हे आकडे बऱ्याच गाड्यांत सारखेच असतात : ३० म्हणजे बॅटरीचा थेट पॉझिटिव्ह, १५ म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, ३१ अर्थ (गाडीच्या लोखंडातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट), ५० स्टार्टर, ५६ए अप्पर, ५६बी डिपर, ५८ पार्किंग, ५४ ब्रेक लाइट. एवढे पाठ झाले की निम्मं चित्र आपोआप उमगतं.

इथवर ठीक चाललं होतं. मग घाई केली. केबिनच्या पत्र्यातून जाणाऱ्या गुच्छातल्या सहा कुरतडलेल्या वायरी एकदमच कापल्या, कागदी टेप लावून त्यावर पेनने नंबर घातले. हाताला ग्रीस होतं. तासाभरात टेपा निसटल्या आणि उरलेल्यांवरची शाई पुसली गेली. वायरींचे मूळ रंग बॉनेटच्या बाजूला धुराने आणि तेलाने एकसारखे मातकट झालेले, त्यामुळे कुठली कुठल्या टोकाची हे कळेना. धाकटा भाऊ डॅशबोर्डखाली आडवा पडला आणि मी इकडे मल्टीमीटर घेऊन एकेक जोडी शोधत बसलो. अडीच तास गेले.

आता पद्धत बदलली आहे. एक वायर कापायची, तीच जोडायची, मगच दुसरीला हात लावायचा. नंबर पांढऱ्या हीट श्रिंक स्लीव्हवर (तापवल्यावर आवळणारी नळी) पक्क्या मार्करने लिहून ती स्लीव्ह वायरवर हलकी आवळायची. ग्रीस लागलं तरी पुसून वाचता येतं.

१२ जानेवारी

खड्ड्यात इंजिन बंद पडण्याचं कारण सापडलं, आणि त्याने मला या कामातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट शिकवली.

या प्रकारच्या डिझेल पंपावर एक सोलेनॉइड (करंटवर चालणारी चुंबकी झडप) असतो. त्याला करंट मिळतोय तोवर डिझेल जातं, करंट तुटला की इंजिन बंद. सोलेनॉइडच्या टोकाची वायर काढून मल्टीमीटर लावला : १२.४ व्होल्ट. म्हणून वायर चांगली असं धरून मी पंपाकडे संशयाने बघत तासभर घालवला. मग त्याच वायरला २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब लावला. तो पेटलाच नाही, आत नुसती लालसर तार दिसली.

वायर हळूहळू बोटांत ओढत गेलो. इंजिनच्या माउंटिंगपासून वीतभर अलीकडे ती रबरासारखी ताणली गेली. आतलं तांबं तुटलं असलं की असंच होतं, कारण ताण घ्यायला फक्त आवरण उरलेलं असतं. सोलून पाहिलं तर जुना डाग (सोल्डर) दिलेला जोड होता, आणि डाग जिथे संपतो नेमक्या त्याच रेषेवर सगळ्या तारा तुटून एकच तार टेकलेली. सोल्डर तारांमध्ये वर चढतो, तेवढा भाग सळीसारखा ताठ होतो, आणि इंजिन हललं की ताठ आणि मऊ यांच्या सीमेवर वायर तुटते.

त्या एका तारेतून मल्टीमीटरला लागणारा नगण्य करंट आरामात जात होता, म्हणून तो पूर्ण व्होल्टेज दाखवत होता. लोड, म्हणजे करंट ओढणारा बल्ब, लावल्यावर ते जागच्या जागी पडलं. इथून पुढे कुठलीही वायर बल्ब लावल्याशिवाय चांगली म्हणणार नाही.

नवी वायर टाकली. इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये थोडी ढिली कमान ठेवली, म्हणजे इंजिन हललं तरी वायरला ताण बसणार नाही.

१८ जानेवारी

कुरतडलेल्या भागाचं मुख्य काम. आठ तास.

जोडण्यासाठी वायर सोलली तर आतल्या तारा काळ्या निघाल्या. काही ठिकाणी हिरवी भुकटी. कुरतडलेल्या जागेतून ओल आत शिरते आणि तारांमधल्या बारीक फटींतून आवरणाखाली पुढे पुढे सरकत जाते. काळ्या तारेवर क्रिंप नीट बसत नाही आणि सोल्डरही धरत नाही. एकच इलाज, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जायचं. दोन वायरींना चार बोटं पुरली, एकीला तब्बल दोन वीत जावं लागलं. त्यामुळे बहुतेक ठिकाणी मध्ये नवा तुकडा घालावा लागला, म्हणजे एका वायरला दोन जोड.

जोड एकाच रेषेत आले तर तिथे गाठोडं होतं आणि ते पत्र्यातल्या भोकातून जात नाही. म्हणून प्रत्येक जोड आधीच्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटर पुढे-मागे घेतला.

तीन वेळा स्लीव्ह आत सरकवायची विसरलो. जोड पक्का झाला, स्लीव्ह टेबलावर. पुन्हा कापा, पुन्हा करा. भावाला एवढंच काम दिलं की मी पक्कड उचलली की "स्लीव्ह?" असं विचारायचं. त्यानंतर एकदाही विसरलो नाही.

१९ जानेवारी

काल केलेले जोड आज हाताने ओढून पाहिले. अकरा सुटले. अकरा!

दोष पकडीचा होता आणि माझाही. साधी, चपट्या तोंडाची क्रिंपिंगची पक्कड होती, तिचा दाब प्रत्येक वेळी वेगळा पडतो. वरून ठीक दिसणारा जोड आत पोकळ. शिवाय मी एक चौरस मिलिमीटरच्या वायरला निळे कनेक्टर लावले होते, तिला लाल लागतात. ढोबळ हिशोब असा : लाल दीड चौरस मिलिमीटरपर्यंत, निळा अडीचपर्यंत, पिवळा चार ते सहापर्यंत.

रॅचेटची पक्कड आणली. पूर्ण दाब बसल्याशिवाय ती उघडतच नाही. या सगळ्या कामात हत्यारांवरचा सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च हाच. अकराच्या अकरा जोड पुन्हा केले आणि उरलेलेही कापून टाकले, कारण आज टिकलेले उद्या टिकतील याची खात्री राहिली नव्हती. स्लीव्ह आतून गोंद असलेली वापरली. तापवल्यावर दोन्ही टोकांतून गोंदाची बारीक कड बाहेर आली की पाणी आत जाणार नाही असं समजायचं. तापवायला हीट गन. लायटरने स्लीव्ह एका बाजूने काळी पडते आणि दुसऱ्या बाजूने ढिली राहते.

२५ जानेवारी

हेडलाइट.

बल्बचा कनेक्टर काढून मोजलं, १२.४ व्होल्ट. आता या आकड्यावर विश्वास नव्हता. कनेक्टर परत बसवून, दिवा पेटता ठेवून, मागच्या बाजूने सुई घालून उजव्या बल्बवर मोजलं : ९.८. मधले २.६ कुठे गेले? मल्टीमीटरची एक सुई बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी बल्बच्या पॉझिटिव्ह पिनवर ठेवली तर १.९ दिसले. मग बल्बच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.७. बेरीज बरोबर जुळली. ही पद्धत मला फार आवडली, वायर न सोडता नुकसान कुठे आणि किती ते थेट कळतं. आणि हे नुकसान किरकोळ नव्हे. हॅलोजन बल्बचं व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड जवळपास तीस टक्के कमी होतो.

पॉझिटिव्हकडचं कारण उघड होतं. बॅटरीपासून केबिनमध्ये, तिथून स्विच, डिपर आणि परत पुढे असा सगळा करंट पातळ वायरीतून फिरत होता. साठ वॉटचे दोन बल्ब म्हणजे अप्परवर सुमारे दहा अँपिअर. स्विचचे संपर्क काळे पडलेले. दोन रिले घातले, एक अप्परला, एक डिपरला. ३० वर बॅटरीकडून अडीच चौरस मिलिमीटरची वायर, ८७ वरून बल्बकडे, ८६ वर जुन्या स्विचची वायर, ८५ अर्थ. आता स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, तो पाव अँपिअरही नसतो. प्रत्येक रिलेला १५ अँपिअरचा निळा फ्यूज, आणि तो बॅटरीपासून वीतभराच्या आत. फ्यूज लांब असला तर बॅटरी ते फ्यूज ही वायर उघड्यावर राहते.

इथे दीड तास गेला. आणलेला रिले पाच पायांचा होता. मधला पाय मी दुसरा ८७ समजून डाव्या दिव्याला जोडला. चावी बंद, स्विच बंद, तरी डावा दिवा लख्ख पेटलेला. स्विच चालू केला की विझतो. मधल्या पायावर बारीक अक्षरात ८७ए होतं. तो पाय रिलेच्या कॉइलला करंट नसतानाच ३० ला जोडलेला असतो. काही पाच पायांच्या रिलेंत मधला पाय खरंच दुसरा ८७ असतो, म्हणून प्रत्येक वेळी रिलेवरचं वाचायला हवं.

अर्थ बाजूला दोन्ही दिव्यांना नवीन वायरी टाकल्या. इंजिन बंद असताना आता बल्बवर १२.१ मिळतात. संध्याकाळी भिंतीवर उजेड पाहायला काका आले, त्यांनी दोनदा डिपर मारून पाहिलं आणि म्हणाले, "नवी घेतली तेव्हाही इतका नव्हता रे."

२६ जानेवारी

मागचे दिवे. ब्रेक दाबल्यावर पार्किंग आणि इंडिकेटर अंधुक पेटणं हे अर्थ खराब असल्याचं ठरलेलं लक्षण आहे. एका दिव्यातले सगळे बल्ब एकाच अर्थवर असतात. ती वाट बंद झाली की ब्रेकचा करंट शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटा शिरतो आणि त्या वायरीतून पुढच्या दिव्यांच्या अर्थपर्यंत जातो.

पिकअपमध्ये हा रोग ठरलेला आहे, कारण हौदा चासीवर रबरी गाद्यांवर बसलेला असतो. हौद्याला अर्थ मिळतो तो फक्त गंजलेल्या बोल्टांतून. ब्रेक दाबून डाव्या दिव्याच्या अर्थपासून बॅटरी निगेटिव्हपर्यंत मोजलं तर ३.२ व्होल्ट वाया जात होते.

मी दिव्याजवळचाच हौद्याचा बोल्ट घासून त्यावर अर्थ दिला. सगळं छान चाललं.

१ फेब्रुवारी

चाललं ते चार दिवस. गाडी धुतली आणि पुन्हा तेच. हौद्याचा बोल्ट घासून काय उपयोग, हौदा आणि चासी यांच्यातला दुवाच कच्चा होता. आज प्रत्येक दिव्यापासून दीड चौरस मिलिमीटरची स्वतंत्र अर्थ वायर थेट चासीच्या जाड पट्टीवर आणली. तिथला रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासला, दातेरी वायसर घातला, बोल्ट घट्ट केला आणि त्यानंतर वरून ग्रीस फासलं. आता ०.०६ व्होल्ट. फाळक्यापर्यंत गाडी धुऊन पुन्हा मोजलं, आकडा हलला नाही.

२ फेब्रुवारी

स्टार्टर जड फिरणं. हे सगळ्यात आधी करायला हवं होतं, कारण याचा परिणाम चार्जिंगवरही होत होता.

डिझेल पंपावरच्या सोलेनॉइडची वायर काढून ठेवली, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. भाऊ चावी फिरवत होता, मी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत मोजलं : १.६ व्होल्ट. चारसहा वेळा फिरवल्यावर ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लागला आणि ती कोमट होती. तिथेच उलगडा झाला. या गाडीत बॅटरीचा अर्थ चासीला आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर. दोघांना जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी गंजून चारपाच तारांवर आली होती. स्टार्टरचा प्रचंड करंट परतीची वाट शोधत ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जात होता. तेव्हा ही केबल कडक का चालते म्हणून काकांनी ती दोनदा बदलली होती, हेही आठवलं.

नवी पट्टी टाकली, दोन्ही टोकं घासून. तेच माप ०.१२ झालं. स्टार्टर एका झटक्यात फिरतो. आणि आणखी एक फायदा झाला : आधी इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.१ व्होल्ट मिळत होते, आता १४.१ मिळतात. अल्टरनेटरचा अर्थही त्याच ब्लॉकमधून येतो.

८ फेब्रुवारी

पार्किंगचा फ्यूज. पूर्वी कुणीतरी कंटाळून दहाच्या जागी तीस अँपिअरचा हिरवा फ्यूज घातलेला होता, तो काढून लाल घातला. मग फ्यूजच्या जागी २१ वॉटचा बल्ब जोडला. शॉर्ट झाला की फ्यूज उडण्याऐवजी हा बल्ब लख्ख पेटतो आणि वायर सुरक्षित राहते. एक पथ्य : आधी पार्किंगचे सगळे बल्ब काढायचे, नाहीतर त्यांच्या करंटने हा तसाही पेटलेला राहतो. मी ते केलं नाही आणि अर्धा तास नसलेला शॉर्ट शोधत राहिलो.

नंतर वायरिंग हाताने हलवत पुढून मागे गेलो. केबिनमध्ये काही नाही, सीटखाली काही नाही. हौदा खालून दोन्ही हातांनी रेटला तेव्हा बल्ब लुकलुकला. नंबर प्लेटच्या दिव्याची वायर हौदा आणि चासीची आडवी पट्टी यांच्यात चिमटली होती. गाडी भरलेली असली आणि खड्डा आला की आवरणातून तांबं पट्टीला टेकायचं. शोधायला चार तास, दुरुस्तीला वीस मिनिटं.

९ फेब्रुवारी

बॅटरी बसण्याचं कारण. निगेटिव्ह खांब आणि केबल यांच्यामध्ये मल्टीमीटर अँपिअरवर लावला. गाडी पूर्ण बंद, दारं लावलेली : ३४० मिलिअँपिअर. अशा साध्या गाडीत हा आकडा पन्नासच्या खूप खाली हवा. ३४० म्हणजे दिवसाला आठ अँपिअर-तासांहून जास्त. ६० अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत निम्म्यावर येते, तेवढ्यावर डिझेल इंजिन फिरत नाही.

मल्टीमीटर लावलेलाच होता आणि सवयीने चावी फिरवली. हीटर प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू करण्याआधी ते आतून तापवणारे) चालू झाले. चार प्लग मिळून पन्नास अँपिअरच्या आसपास ओढतात, मल्टीमीटरची मर्यादा दहा. त्याचा आतला फ्यूज गेला, तो मिळवून बसवेपर्यंत दुपार झाली. हे माप चालू असताना चावी खिशात ठेवायची.

दुपारनंतर एकेक फ्यूज काढत गेलो. आकडा जागचा हलेना. सगळे फ्यूज काढले तरी ३४०. म्हणजे गळती फ्यूजच्या आधीच्या वायरीत. असे दोनच भाग होते, स्टार्टर आणि अल्टरनेटर. बॅटरी सोडवून अल्टरनेटरची बॅटरीकडे जाणारी जाड बी प्लस वायर काढली, तिचं टोक टेपने झाकलं, पुन्हा मोजलं : १२ मिलिअँपिअर. अल्टरनेटरमधला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळका होता. चार्जिंग नीट दिसत असल्यामुळे माझा संशय तिकडे गेलाच नव्हता. डायोडची प्लेट बदलून घेतली, ते काम मी केलं नाही, अल्टरनेटर उघडणाऱ्या जाणकाराकडे दिलं.

१५ फेब्रुवारी

बांधणी. पत्र्यातल्या भोकात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) नव्हताच, वायरी थेट कडेवर घासत होत्या. बसवला. बॉनेटखाली नेहमीची पीव्हीसी टेप वापरली नाही, उष्णतेने तिचा गोंद पाझरतो आणि वर्षभरात सगळं चिकट होऊन सुटतं. कापडी हार्नेस टेप आणि वरून नालीदार पाइप घातला, त्याची चीर खाली ठेवली म्हणजे शिरलेलं पाणी निथळून जाईल. डिझेलच्या आणि ब्रेकच्या पाइपला एकही वायर बांधली नाही. सायलेन्सरच्या पाइपपासून तीन वायरी हातभर लांब वळवल्या, त्या आधी जवळजवळ टेकलेल्या होत्या.

केबिनमध्ये हवा येते त्या तोंडावर बारीक लोखंडी जाळी लावली.

१६ फेब्रुवारी

साठ किलोमीटर चालवली, त्यातला अर्धा रस्ता मुद्दाम खराब निवडला. इंजिन एकदाही बंद पडलं नाही. उजवा इंडिकेटर दुपटीने भराभर लुकलुकायला लागला, म्हणजे त्या बाजूचा एक बल्ब करंट घेत नव्हता. पुढच्या होल्डरमधली पिन दबली होती, सरळ केली. परत आल्यावर प्रत्येक जोडावरून हात फिरवला, कुठेही कोमट लागलं नाही.

एकूण ६८ तास लागले, त्यातले पंधरा तरी चुका निस्तरण्यात. साधारण ४० मीटर वायर, पन्नासहून जास्त जोड, दोन रिले, दोन फ्यूज होल्डर, एक अर्थ पट्टी. वायरिंगचं चित्र नीट काढून प्लास्टिकच्या पाकिटात घालून डॅशबोर्डच्या खणात ठेवलं. मापंही त्यावरच लिहिली, आधीची आणि नंतरची.

डिझेलचा काटा अजून शून्यावर. टाकीवरच्या सेंडरची (डिझेलची पातळी मोजणारा भाग) वायर काढून अर्थला टेकवली तर काटा पूर्ण वर जातो, म्हणजे मीटर आणि वायर दोन्ही चांगले आहेत. दोष टाकीत, सेंडरमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. त्यासाठी टाकी उतरवावी लागेल. ती डिझेल संपत आल्यावर उतरवीन, तोवर काकांनी टाकीत बुडवायला खुणा केलेली काठी पुन्हा बाहेर काढली आहे.